एका नावाच्या दोघी

ताई,

मी ३८ वर्षांची आहे. एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून १४ वर्षं काम करते. शाळेत आमच्या वर्गात माझ्याच नावाची आणि माझ्याच आडनावाची आणखी एक मुलगी होती. नातं काही नाही. मी त्या वर्गात मागाहून आले, म्हणून हजेरी घेताना बाई मला ‘दुसरी’ म्हणायच्या. समूहगीतात आम्ही शेजारी उभ्या असायचो. ती आज नावाजलेली गायिका आहे. माझं गाणं शाळेबरोबरच सुटलं.

कुठेही नाव सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात. मी म्हणते, ‘नाही हो, मी ती नाही, मी दुसरी,’ आणि ते डोळे विझतात. नेटवर माझं नाव शोधलं तर पानंच्या पानं तिची. तिच्या मेल मला येतात. मागच्या महिन्यात एका मुलीनं तिला लिहिलेलं लांबलचक पत्र माझ्याकडे आलं. आई आजारी होती तेव्हा रात्र रात्र तुमचं गाणंच सोबतीला होतं, असं तिनं लिहिलंय. तीन आठवडे ते तसंच पडून आहे. मला उत्तरही देववत नाही आणि पुसूनही टाकवत नाही.

आता एक शोधनिबंध छापायला जातोय. याआधी सहलेखक म्हणून माझे ४ निबंध आले, पण माझं नाव पहिलं असलेला हा पहिलाच. नाव कसं छापायचं ते संपादकांनी कळवायला सांगितलंय. नवरा म्हणतो, माझं आडनाव लाव, प्रश्नच मिटला. मला ते नको वाटतं, पण का ते सांगता येत नाही. नाव बदलू का?

– दुसरी

प्रिय मैत्रिणी,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा खालच्या सहीपाशी थांबले. नाव छापू नका म्हणणारी पत्रं माझ्याकडे नेहमीच येतात, त्यात काही विशेष नाही. पण अशा वेळी माणसं स्वतःला आवडेल असं एखादं टोपणनाव घेतात. तुम्ही घेतलात तो बाईंनी हजेरीपुरता दिलेला शब्द. बाईंपुढे एका नावाच्या दोन मुली होत्या, ‘हजर’ कुणी म्हणायचं याचा गोंधळ व्हायचा, आणि तुम्ही वर्गात उशिरा आलात म्हणून तुम्ही दुसऱ्या. त्या शब्दाचा जीव एवढाच. शाळा सुटली तेव्हाच तो तिथल्या फळ्यावर राहून जायला हवा होता. तुम्ही तो सोबत घेऊन आलात आणि आता लोकांसमोर स्वतःच्याच तोंडानं म्हणताय. उत्तराची सुरुवात इथूनच करते, कारण नाव बदललंत तरी हा शब्द तुमची पाठ सोडणार नाही.

तुमच्या पत्रात दोन धागे एकमेकांत गुंतलेत. एक घोटाळ्याचा, दुसरा दुखण्याचा. घोटाळा नावामुळे होतो आणि तो सोडवता येतो. दुखणं मात्र नावापेक्षा जुनं आहे. दोन्ही एकत्र बांधून ‘नाव बदलू का’ असं विचारलंत, तर उत्तर कुठलंही आलं तरी ते अर्धंच लागू पडेल.

आधी घोटाळा. त्याबद्दल मी तुम्हाला काय शिकवावं? एकाच दिवशी एकाच नावाचे दोन रुग्ण आले की तुमच्या प्रयोगशाळेत काय होतं ते आठवा. रक्ताच्या ट्यूबवर नुसतं नाव असेल तर तुम्ही तो नमुना स्वीकारता का? नावासोबत जन्मतारीख लागते किंवा रुग्णाचा क्रमांक लागतो. किमान दोन खुणा जुळल्याखेरीज रिपोर्ट त्या माणसाच्या नावे जाता कामा नये, हे तुम्हाला झोपेतही ठाऊक असेल. लेबल अर्धवट असेल तर तुम्ही नमुना परत पाठवत असाल, फोन करून खात्री करत असाल. पण त्या दोन रुग्णांपैकी एकीला आजवर कुणी म्हटलंय का, की बाई, तुझ्या नावाची दुसरी आलीय, तू नाव बदलून ये? नाव दोघींचंही तसंच राहतं, शेजारी एक खूण वाढते. इतकी वर्षं तुम्ही हे काम चोख करताय. स्वतःच्या बाबतीत मात्र नावच पुसायला निघालात.

आता निबंधाचं बघू. तुम्ही ज्या जगात तो छापताय, त्या जगात ती गायिका नाहीच. संशोधनाच्या सूचीत तुमचं नाव टाकून बघा. तुमचे ४ निबंध येतील, तिचं एकही गाणं येणार नाही. साध्या शोधात तुम्ही कितव्या पानावर आहात याच्याशी या निबंधाचं काही देणंघेणं नाही. या सूचीत बघायचं ते एवढंच, की तुमच्याच विषयात तुमच्या नावाचं आणखी कुणी लिहितंय का. नसेल, तर आधीच्या चार निबंधांवर जसं नाव आहे अक्षरन् अक्षर तसंच पाचव्यावर द्या. असेल, तर मधल्या नावाचं आद्याक्षर घाला आणि पुढे आयुष्यभर ते सोडू नका. कधी आद्याक्षर, कधी पूर्ण नाव, कधी आडनाव आधी असं केलंत, तर दुसऱ्या कुणाची गरजच उरणार नाही, तुम्हीच स्वतःचे तीन तुकडे कराल.

आद्याक्षराची गंमत बघा. मायकल जॉर्डन म्हटलं की जग बास्केटबॉलपटूकडे बघतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलेले त्याच नावाचे प्राध्यापक आहेत, यंत्रांना डेटावरून शिकवण्याच्या शास्त्रातलं फार मोठं नाव. ते १९५६ साली जन्मले, खेळाडू १९६३ साली. म्हणजे हे नाव आधी प्राध्यापकांच्या वाट्याला आलं होतं. ते लिहितात मायकल आय. जॉर्डन. त्या एका ‘आय’वर त्यांच्या विषयातले लोक त्यांना बरोबर ओळखतात.

शिवाय २०१२ पासून संशोधकांसाठी ऑर्किड (ORCID) नावाचा १६ अंकी ओळख क्रमांक मिळतो, फुकट. तुमच्याकडे नसेल तर आजच घ्या आणि जुने चारही निबंध त्याला जोडून टाका. तुमच्या ट्यूबवरचा बारकोडच समजा. नाव कुणाशीही जुळू दे, आडनाव उद्या बदलू दे, क्रमांक तुमचाच राहतो.

बाकी रोजचं थोडक्यात सांगते. मेलच्या खाली नाव, काम आणि विभाग येऊ दे. एखाद्या व्यावसायिक पानावर तुमचा फोटो आणि कामाची माहिती ठेवा. तिच्या पैशाचे किंवा तब्येतीचे कागद चुकून आले तर आत वाचत बसू नका, पाठवणाऱ्याला कळवा आणि काढून टाका. कुणी तुम्हाला ती समजून काही देऊ केलं, तर पहिल्याच वाक्यात खरं सांगा. तुम्ही ते सांगत असणारच, पत्रावरून कळतंय.

आता नवऱ्याची सूचना. त्यांना तुमचा त्रास बघवत नाही म्हणून ते सुचवताहेत, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. पण नको का वाटतं ते तुम्हाला सांगता येत नाही म्हणता, तर मी प्रयत्न करून बघते. त्या चार निबंधांमागे १४ वर्षं उभी आहेत. पाचव्यावर वेगळं आडनाव आलं तर वाचणाऱ्याला ती दुसरीच कुणी बाई वाटेल. ज्या दिवशी तुमचं नाव पहिल्यांदा यादीत सर्वांत वर येतंय, त्याच दिवशी ते तिथून काढायचं? मलाही नको वाटलं असतं. लग्नाच्या वेळी आडनाव बदलावंसं वाटलं असतं आणि बदललं असतंत, तर गोष्ट वेगळी होती. तो तुमचा निर्णय झाला असता. आता बदलाल ते कुणीतरी जागा अडवलीय म्हणून.

आणि आडनाव बदलल्यानं सुटका होतेच असंही नाही. एलिझाबेथ टेलर नावाच्या इंग्लिश कादंबरीकार होत्या. जन्म १९१२, माहेरचं आडनाव कोल्स. १९३६ मध्ये लग्न झालं आणि त्या टेलर झाल्या. तेव्हा त्याच नावाची हॉलिवूडची सुप्रसिद्ध नटी जेमतेम चार वर्षांची पोर होती. पण १९४४ मध्ये एका चित्रपटानं त्या मुलीला जगभर पोचवलं, आणि १९४५ मध्ये आपल्या बाईंची पहिली कादंबरी आली. वेळ बघा कशी आली ती. पुढे नटीच्या चाहत्यांची पत्रं या लेखिकेच्या घरी येत राहिली, तीही फोटो मागणारी. बाई लिहीत राहिल्या. १९७१ च्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत त्यांची कादंबरी होती. १९७५ मध्ये त्या गेल्या, शेवटची कादंबरी त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली. आजही त्यांच्याबद्दल लिहिताना पहिलं वाक्य बहुतेक वेळा ‘ती नटी नव्हे’ अशाच अर्थाचं असतं, आणि ते वाचून मला दर वेळी वाईट वाटतं. तरी ज्यांनी त्या कादंबऱ्या वाचल्यात त्यांना एलिझाबेथ टेलर म्हटल्यावर आधी याच बाई आठवतात. मी त्यांतली एक.

नाव मुद्दाम बदलण्यात गैर काही नाही, हेही सांगून ठेवते. राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःचं नाव घालत, कविता गोविंदाग्रज या नावानं लिहीत आणि विनोदी लेख बाळकराम या नावानं. माणूस एक, कामं तीन, नावं तीन. वि. वा. शिरवाडकर कवितेपुरते कुसुमाग्रज झाले. त्यांना कुणी हुसकलं नव्हतं. स्वतःच्या घरात आणखी एक खोली काढावी तशी त्यांनी नावं काढली. तुम्हाला उद्या असं काही करावंसं वाटलं तर जरूर करा.

आपल्याकडचीच एक जोडी मला नेहमी आठवते. शरद जोशी. मराठी माणसासमोर हे नाव घेतलं की शेतकरी संघटना, १९७९ नंतरची आंदोलनं, रस्त्यावर बसलेले हजारो शेतकरी उभे राहतात. हिंदी वाचकासमोर तेच नाव घ्या, त्याला १९३१ साली उज्जैनला जन्मलेले व्यंगलेखक शरद जोशी आठवतात, १९९१ मध्ये वारलेले. एकानं शेतमालाच्या भावासाठी आयुष्य वेचलं, दुसऱ्यानं कारभारातल्या ढोंगावर आयुष्यभर लिहिलं. शेतकरी नेत्यांनीही पुष्कळ लेखन केलं, त्यामुळे नुसतं ‘शरद जोशींचा लेख’ म्हटलं तर कुठले, हे विचारावंच लागतं. विचारतात, उत्तर मिळतं, बोलणं पुढे जातं. यांतले ‘दुसरे’ कोण, असं कधी कुणी मला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

आता दुखण्याकडे येते. इथे मला जरा जपून लिहायचंय.

तुम्ही लिहिलंत, ‘माझं गाणं शाळेबरोबरच सुटलं.’ एवढं एकच वाक्य, मग लगेच लोकांच्या डोळ्यांकडे वळलात. पण मला सगळं पत्र त्या वाक्याभोवती फिरताना दिसलं. आपण प्रत्येकजण काही ना काही मागे टाकून आलेलो असतो. कुणाचं चित्र काढणं, कुणाचं खेळणं. ते मनाच्या तळाशी पडून राहतं आणि वर्षानुवर्षं वर येत नाही. तुमचं मात्र तुमच्याच नावानं जगात हिंडतंय. त्याला चेहरा आहे, रंगमंच आहे, टाळ्या आहेत. तुम्ही नाव सांगता तेव्हा समोरचा माणूस नकळत त्याच जागी बोट ठेवतो. याला कुणी मत्सर म्हणेल, कदाचित तुम्हीच रात्री स्वतःला म्हणत असाल. मी म्हणणार नाही. समूहगीतात खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोन मुलींपैकी एक तिथेच पुढे गेली आणि एक तिथून बाहेर पडली. बाहेर पडलेलीला अधूनमधून चुकल्यासारखं वाटणारच.

तेव्हा एकच विचारा स्वतःला, आणि उत्तर मला कळवलं नाहीत तरी चालेल. तुम्हाला हुरहूर कशाची लागते, गाण्याची की नावाची? ती ज्या दालनात गाते तिथे उभं राहावंसं वाटतं, की सकाळी तंबोरा लावून घसा मोकळा करावासा वाटतो? पहिलं असेल तर ते हळूहळू ओसरेल, विशेषतः हा निबंध बाहेर पडल्यावर. दुसरं असेल तर ओसरणार नाही, आणि ओसरूही नये. अशा वेळी शिक्षक शोधा. ३८ हे वय गाण्याला उशीर झाल्याचं नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी गायला कुठलंच नाव लागत नाही, ना तिचं ना तुमचं.

आणि ते विझणारे डोळे. ते मीही अनुभवलेत, वेगळ्या तऱ्हेनं. काही वर्षांपूर्वी माझ्याच नावाच्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या. सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली आणि आमचा फोन वाजायला लागला. मी उचलला की पलीकडे आधी श्वास अडकायचा, मग रडू, मग हसू. दुपारपर्यंत दहा-बारा फोन झाले. संध्याकाळी मी ती बातमी नीट बसून वाचली. ३० वर्षं गणित शिकवलेल्या बाई. त्यांच्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं होतं की बाई चुकलेलं गणित कधी खोडायच्या नाहीत, शेजारी दुसऱ्या रंगात नव्यानं मांडायच्या. माझ्याच नावानं कुणीतरी इतकं चांगलं जगून गेलं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या नावाच्या माणसाची ओळख करून घ्यायला हवी होती.

लोकांच्या डोळ्यांतली चमक गायिकेसाठी असते, ती जाणारच. जायला अर्धा क्षण लागतो. त्या अर्ध्या क्षणात तुम्ही ‘मी दुसरी’ म्हणता, त्यामुळे समोरच्याला पुढे विचारायला काही उरत नाही. त्याऐवजी म्हणून बघा, ‘नाव तेच. ती गाते, मी रुग्णालयात जंतू ओळखते.’ मग थांबा. बघा कुणी विचारतं का, कसे ओळखता? तेव्हा सांगा. तापानं फणफणलेल्या माणसाचं रक्त बाटलीतून येतं, ती बाटली यंत्रात ठेवतात, आत काही वाढायला लागलं की यंत्र इशारा देतं. मग प्लेटवर ते वाढवायचं, कुठला जंतू आहे ते ठरवायचं, त्याच्यावर कुठलं औषध चालेल ते बघायचं, आणि वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन करून सांगायचं. हे ऐकताना कुणाचे डोळे विझत असतील यावर माझा विश्वास नाही.

शेवटी ते मुलीचं पत्र. खरं तर हे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं, कारण घाई आहे ती याचीच. तीन आठवडे ती मुलगी समजतेय की आपण एवढं मन उघडं केलं आणि गायिकेनं एक ओळही लिहिली नाही. तिला तुमच्यातल्या गुंत्याची कल्पना नाही. हे उत्तर वाचून झालं की आधी तिला लिहा. चार ओळी पुरेत. पत्र चुकून माझ्याकडे आलं, माझं नाव तेच आहे पण मी गात नाही, इतके दिवस कळवलं नाही याबद्दल माफ करा, तुमची हरकत नसेल तर मी ते त्यांच्यापर्यंत पोचवते. आईची चौकशी करावीशी वाटली तर करा. तेवढ्यापुरतं तुम्ही दोघींपैकी कुठलीही असण्याची गरज नाही.

तिचा होकार आला की गायिकेला लिहा. अवघड वाटेल, म्हणून एक आधार देते. १८९९ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाच्या २४ वर्षांच्या इंग्रज तरुणाला त्यानं न लिहिलेल्या कादंबरीबद्दल शाबासकीची पत्रं यायला लागली. अमेरिकेत त्याच नावाचा कादंबरीकार होता, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा आणि तेव्हा लेखक म्हणून कितीतरी अधिक गाजलेला. इंग्रज चर्चिलनं त्याला पत्र लिहिलं. श्री. विन्स्टन चर्चिल यांचा श्री. विन्स्टन चर्चिल यांना नमस्कार, दोघांच्याही कामाच्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे, अशी सुरुवात. त्यानं स्वतःहून सांगितलं की यापुढे मी लेखनावर माझं स्पेन्सर हे नावही घालीन. अमेरिकेतल्यानं तितकंच सौजन्यानं उत्तर दिलं, की मला मधलं नाव असतं तर मीही ते घातलं असतं. पुढच्याच वर्षी दोघं बोस्टनला भेटले. इंग्रज चर्चिल पंतप्रधान झाला, १९५३ मध्ये साहित्याचं नोबेलही त्याला मिळालं, आणि आज कादंबरीकार चर्चिल फार थोड्यांना माहीत आहे. पण मी हे सांगतेय ते पुढे कोण मोठा झाला त्यासाठी नाही. त्या पत्रातली रीत मला आवडते. तक्रार नाही, कमीपणा नाही, आपल्या दोघांमध्ये एक नाव आहे तर ते नीट वापरू या, एवढंच.

तुमच्यात तर नावाखेरीज शाळाही आहे. तेव्हा लिहा, की तुझ्यासाठी आलेलं एक पत्र चुकून माझ्याकडे आलं, सोबत पाठवतेय. असं पुन्हा होईल, म्हणून तुझा नेमका पत्ता कळव. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत असते, माझा निबंध छापून येतोय. समूहगीतात आपण शेजारी उभ्या असायचो, तुला कुठलं गाणं आठवतं? मनात असेल तर पुन्हा गायला लागल्याचंही लिहा. आणि खाली सही करा, पूर्ण नावानं, निबंधावर जसं छापून येणार आहे तशी.

तुमची,
ताई